पी. पी. नंबर

लॅमिंग्टन रोडवरून एकशेऐंशी रुपयांचं
दुसरं नेटवर्क कार्ड आणलं.
बिल नाही, गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.
रेमंड डाबरेच्या हापिसाने भंगारात काढलेला पेंटियम
कन्नमवार नगरातल्या आमच्या खोलीत
आईच्या शिलाई मशीनखाली बसवला.
मॉनिटर उसना. झाकण नव्हतंच.

केबलवाल्याची वायर एक, पत्ता एक,
आणि मागणारे तिघे:
मी, हर्षला, वरच्या मजल्यावरचा रेमंड,
जो महिना दीडशे देणार होता
आणि ग्रिलमधून वायर खेचून कधीचा तयार बसला होता.

अण्णा ड्यूटीवरून आले.
टेलिफोन खात्यात लाइनमन, एकतीस वर्षं.
माझ्या हातातली पक्कड काढून घेतली.
‘किती वेळ सोलतोयस?’
पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा...
क्रम मी एकदाच वाचून दाखवला.
आठही तारा त्यांनी नखाने सरळ केल्या,
शाळेत जाणाऱ्या पोराचा भांग पाडावा तशा.

रात्री काळ्या पडद्यावर
एका फाइलीत एकच अंक: शून्य.
म्हणजे आलेलं इथेच थांबेल.
मी त्याचा एक केला.
मग नियमांच्या ओळी. काहीच चालेना.
रेमंड वरून फरशीवर टाच आपटतोय.
दीड वाजता कळलं,
दोन्ही कार्डांची नावं मी उलटी धरली होती,
घराला बाहेर समजत होतो, बाहेरला घर.

‘आता हा करतो काय?’ अण्णा जागेच होते.
म्हटलं, आतले सगळे बाहेर जाताना ह्याचंच नाव लावतात.
सोंग घेतात म्हणा.
बाहेरच्याला वाटतं एकच माणूस बोलतोय.
उत्तर आलं की हा आठवून बघतो कोणी विचारलं होतं,
आणि ज्याचं त्याच्या दारात नेऊन देतो.
अण्णांनी चहा बशीत ओतला.
‘हात्तिच्या. तांडेलबाईंचा फोन.’

तांडेल मावशी, तळमजला, खोली चार.
अख्ख्या बिल्डिंगच्या नोकरीच्या अर्जांवर, लग्नपत्रिकांवर
त्यांचा नंबर, पुढे दोन अक्षरं, पी. पी.
रिंग वाजली की जिन्याशी येऊन
बोंबलाचे ओले हात लांब धरून
वर तोंड करून हाक:
‘ए सतराऽऽ! नागोठण्याहून!’
आम्ही तीन-तीन पायऱ्या उडवत खाली.
रिसीव्हर हातात दिला की त्या मोरीत जायच्या
आणि जोरजोरात भांडी घासायच्या.
भांडी स्वच्छ असली तरी.

सगळी सोंगं आणता येतात, वेगाचं येत नाही.
चौसष्टचा वेग, त्यात तिघे.
म्हणून साठवणीचा एक प्रोग्रामही बसवला,
एकदा आलेलं पान पुन्हा बाहेरून आणायला नको.
प्रोग्राम इमानदार. सगळं लिहून ठेवायचा.
कुठलं मशीन, किती वाजता, काय.

नोव्हेंबरात डिस्क भरली म्हणून ती वही उघडली.
शेवटचा आकडा तीन, म्हणजे हर्षला.
पहाटे पावणेतीन.
लीड्समधल्या खोल्यांची भाडी.
एका बँकेचं कर्ज, जामीनदार कोण चालतो.
परत खोल्या.
त्यातली एक, पोटमाळ्यावरची, खिडकीशी टेबल,
तेच पान अकरा वेळा.

घरात साखरपुड्याची तारीख ठरत आली होती.
मुलगा ठाण्याचा, चांगला होता.

पंख्यासारखा आवाज करत पेंटियम चालूच.
तिने आम्हाला कुणालाच विचारलं नव्हतं.
ह्याला विचारलं होतं.
वही पुसली.
लिहून ठेवायची ओळच बंद केली,
तरी वाचलेलं होतंच.

सकाळी दात घासता घासता हर्षला:
‘रात्री नेट गेलेलं का रे?’
‘नाही. डिस्क भरलेली.’
‘मग?’
‘मग काही नाही.’
ती उभीच राहिली, ब्रश तोंडात.
मी मोरीत गेलो,
पालथी घातलेली, कालची, कोरडी पातेली
पुन्हा घासायला घेतली.